सगळ्याला चारच दाबायचं का, सर?

सकाळी ६.४५

आज नळाला पाणी येणार म्हणून संभाजीनगरच्या सिडकोतली आमची गल्ली लवकर उठलीय. मोटारी घुरघुरतायत, जो तो गच्चीवरची टाकी भरायच्या मागे. टाकी भरेपर्यंत मी मोबाइलवर गुगल फॉर्म उघडतो. विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाची लिंक काल संध्याकाळी वर्गांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली होती. रात्री साडेअकरानंतर उत्तरांची रांग लागलीय. एकाच वर्गातली ओळीने आठ-दहा उत्तरं, दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं आलेली, आणि प्रत्येकात वीसच्या वीस प्रश्नांना चार, म्हणजे पूर्ण गुण. होस्टेलच्या एका खोलीत बसून एकानं सगळ्यांचे मोबाइल हातात घेतले असणार.

मी अर्थशास्त्र शिकवतो आणि शहरातल्या एका संलग्न कॉलेजात आयक्यूएसीचा, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयक आहे. हे पद कुणी मागून घेत नाही, ते गळ्यात पडतं. विद्यापीठाचा नामविस्तार दिन होऊन आठवडा झालाय, दुसऱ्या सत्राचे तास रुळावर आलेत, आणि अॅकॅडमिक ऑडिटच्या आधी सर्वेक्षण उरकायचं आहे.

सकाळी ८.००

पहिल्या तासाला पटावरची निम्मी मुलंही नाहीत. फुलंब्रीकडची एसटी उशिरा आली, बिडकीनची भरून आल्यानं थांबलीच नाही. दोघं-तिघं वाळूजला तिसरी पाळी करून थेट वर्गात आलेत. त्यातला एक डोळे उघडे ठेवायची शर्थ करतो, मी त्याला काही विचारत नाही. जी मुलं येतच नाहीत त्यांनाही लिंक गेलेली असते. ती घरी बसून भरतात आणि ‘शिक्षक वर्गासाठी कितपत तयारी करून येतात’ या प्रश्नाला बिनदिक्कत पूर्ण गुण देतात. आजवर ज्याला पाहिलंच नाही त्या शिक्षकावर माणूस नाराज तरी कसा होणार?

सकाळी १०.००

आयक्यूएसीची खोली म्हणजे एक संगणक, एक प्रिंटर आणि सात खणांचं कपाट. खणांवर ‘क्रायटेरियन १’ ते ‘क्रायटेरियन ७’ अशा पट्ट्या.

बाहेरच्या वाचकासाठी हिशेब सांगतो. यूजीसीनं १९९४ साली बंगळुरूला नॅक, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी संस्था, स्थापन केली. तिची आजवर रुळलेली पद्धत २०१७ पासूनची. सात निकष, मिळून हजार गुण. संलग्न कॉलेजांना त्यातले साडेतीनशे एकट्या दुसऱ्या निकषाला, म्हणजे अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाला. विद्यापीठांना मात्र या निकषाला दोनशेच आणि संशोधनाला अडीचशे. दुसऱ्या निकषाच्या शेवटी, २.७ या क्रमांकावर, विद्यार्थ्यांचं समाधान येतं. नॅकच्या फेरीत कॉलेजनं सगळ्या मुलांचे ई-मेल आणि मोबाइल नंबर द्यायचे, नॅक त्यांना परस्पर प्रश्नावली पाठवते. पटाच्या दहा टक्के किंवा शंभर, यातली कमी असेल तितकी उत्तरं आलीच पाहिजेत. विद्यापीठाला शंभराऐवजी पाचशे. तितकी आली नाहीत तर तो भाग मूल्यांकनात धरतच नाहीत. दोन फेऱ्यांच्या मधल्या वर्षांत वार्षिक अहवालासाठी, म्हणजे एक्यूएआरसाठी, हे सर्वेक्षण आम्हीच घ्यायचं आणि निकाल संकेतस्थळावर लावायचा.

शेवटी सगळ्याची सरासरी चारपैकी निघते. ३.०१ असेल तर ‘ए’, ३.०० असेल तर ‘बी प्लस प्लस’. त्या एका शतांशावर कमानीवरची पाटी, प्रवेशाची जाहिरात आणि संस्थाचालकांचा मूड ठरतो.

तासभर जिओटॅग केलेले फोटो लावण्यात जातो. प्रत्येक कार्यक्रमाच्या फोटोवर अक्षांश-रेखांश आणि वेळ हवी. वृक्षारोपणाचे फोटो चार पानं भरतात. ती रोपं उन्हाळ्यात जगली की नाही यासाठी रकाना नाही.

सकाळी ११.१५

बी.ए. द्वितीय वर्षाचा वर्ग. रात्रीची ती एकसारखी उत्तरं बघून मी ठरवलंय की या वर्गाचा फॉर्म समोर बसून भरून घ्यायचा. विषयशिक्षकांना बाहेर थांबायची विनंती केली. प्रश्न नॅकचेच, पण मराठीत उतरवून घेतलेले.

“सर, नाव दिसतं का आमचं?” मागच्या बाकावरून पहिला प्रश्न.

“ई-मेल आयडी येतो. पण मी शिकवणाऱ्या सरांना दाखवणार नाही.”

“पण तुम्हाला तर दिसतं ना?”

वर्ग हसला. दुबार उत्तरं गाळायची तर आयडी लागतो, आणि आयडी घेतला की मुलं मोकळी होत नाहीत. अंतर्गत परीक्षेचे गुण ज्यांच्या हातात, त्यांच्याबद्दलच हा फॉर्म आहे. या पेचातून अजून तरी वाट सापडलेली नाही.

समोरच्या बाकावरची एक मुलगी परीक्षेतली सूचना विचारावी तशी विचारते, “सगळ्याला चारच दाबायचं का, सर?”

तिच्या बोलण्यात खोडी नव्हती. शाळेपासून प्रत्येक फॉर्म तिनं कुणीतरी सांगेल तसाच भरलाय. मी म्हणालो, “तुला जे वाटतं ते दाब.” त्यावर तिच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसली ती अर्थशास्त्राच्या पेपरातही दिसत नाही.

पहिला प्रश्न: अभ्यासक्रमाचा किती भाग वर्गात शिकवून झाला? पर्याय पाच. ८५ ते १०० टक्के, ७० ते ८४, ५५ ते ६९, ३० ते ५४, आणि ३० च्या खाली.

“सर, एकूण किती असतोय तेच कुठं माहितीय आम्हाला?” गंगापूरकडचा एक मुलगा म्हणाला. “आम्ही गाइडातलं वाचतो.”

त्याचं बरोबर होतं. टक्के काढायचे तर छेद माहीत हवा. मी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्यांच्या पेपरचा अभ्यासक्रम उघडला आणि घटकवार वाचून दाखवला. वर्गात कुजबुज सुरू झाली. “हे झालं.” “हे नाही झालं बरं.” “हे त्या दिवशी झालं, गॅदरिंगच्या आधी.” ज्यांनी चार दाबून ठेवलं होतं त्यातले बरेच मागे गेले आणि दोन-तीनवर आले. हा फॉर्म हजारदा फिरवला असता तरी जे कळलं नसतं, ते अभ्यासक्रमाची दोन पानं वाचून दहा मिनिटांत कळलं.

सहावा प्रश्न: असाइनमेंटमधल्या तुमच्या कामगिरीवर तुमच्याशी चर्चा झाली का?

“असाइनमेंट जमा केली सर, परत नाही मिळाली.”

मिळणार नाहीच. त्या असाइनमेंट माझ्या कपाटात दुसऱ्या खणात गठ्ठे बांधून पडल्यात, पुरावा म्हणून. मुलानं काय चुकवलं हे मुलाला कळण्यापेक्षा त्यानं लिहिलं होतं हे समितीला दिसणं जास्त गरजेचं ठरलंय.

एकोणिसावा प्रश्न प्रोजेक्टर वापरणाऱ्या शिक्षकांच्या टक्केवारीचा. आमच्याकडे खडू-फळ्यावर मागणी-पुरवठ्याचा आलेख असा काढणाऱ्या एक मॅडम आहेत की मुलं बाकावरून उठून बघतात. या प्रश्नात त्यांचा भोपळा. दुसरे एक सर पीपीटीवरचं वाक्य न् वाक्य वाचतात, ते मोजले जातात.

दुपारी १.१५

स्टाफरूममध्ये डबे उघडले. तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडम हळूच जवळ आल्या. “सर, माझ्या वर्गाचा फॉर्म पुढच्या आठवड्यात घेता का? कालच टेस्टचे मार्क लावलेत.”

त्यांची भीती पोकळ नाही. कायम प्राध्यापकाला कमी गुण पडले तर कागद फायलीत जातो. सीएचबीवाल्याची, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची, नेमणूक दरवर्षी नव्यानं होते, पगार तासांच्या हिशेबानं आणि तोही उशिरा. कमी पडलेला एखादा गुण पुढच्या जूनमध्ये समोर येऊ शकतो. अशा माणसानं पेपर कडक तपासावा, मुलांना उशिरा आल्याबद्दल टोकावं, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? आमच्या कॉलेजात इंग्रजीची मंजूर जागा रिकामी आहे. अनुदानित कॉलेजला ती शासनाच्या परवानगीशिवाय भरता येत नाही. आणि मंजूर पदांपैकी किती भरली, हे नॅकच्या त्याच दुसऱ्या निकषात मोजलं जातं. जागा शासन अडवणार, गुण कॉलेजचे जाणार.

मानसशास्त्राच्या सरांनी विषय काढला तो डॉ. फॉक्सचा. १९७० साली अमेरिकेत मायकेल फॉक्स नावाच्या एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ म्हणून डॉक्टर आणि शिक्षकांपुढे व्याख्यानाला उभं केलं. विषय होता वैद्यकीय शिक्षणात गणिती गेम थिअरीचा वापर. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण विनोद पेरत, हातवारे करत तो रंगून बोलला. श्रोत्यांनी फॉर्मवर त्याला भरभरून गुण दिले. १९७३ साली यावर शोधनिबंध आला आणि विद्यार्थी-अभिप्रायाच्या चर्चेत हे उदाहरण अजून निघतं.

सर पुढचंही सांगत होते. २०१५ मध्ये मॅकनेल आणि सहकाऱ्यांनी एका ऑनलाइन कोर्समध्ये शिक्षकांची नावं अदलाबदल करून पाहिली. शिकवणारी व्यक्ती तीच, पण पुरुषाचं नाव लावलं की गुण वाढले. गृहपाठ दोघांनी एकाच वेळी तपासून परत दिले होते, तरी वेळेवर काम करण्याबद्दलही पुरुषाच्या नावालाच जास्त गुण. २०१७ मध्ये उटल आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास पुन्हा एकत्र तपासले. जास्त गुण मिळवणाऱ्या शिक्षकाची मुलं जास्त शिकतात, असं त्यातून निघालं नाही. हार्वर्डमधला २०१९ चा प्रयोग तर आम्हा मास्तरांना फारच झोंबणारा. भौतिकशास्त्राच्या ज्या मुलांना तासाला स्वतः गणितं सोडवायला लावली ती जास्त शिकली, पण विचारल्यावर म्हणाली की आपण कमी शिकलो. छान व्याख्यान ऐकलेल्यांचं नेमकं उलट.

इंग्रजीच्या मॅडम एवढा वेळ ऐकत होत्या. म्हणाल्या, “सर, माझे गुण कमी आले तर हे सगळं प्राचार्यांना सांगाल ना?”

दुपारी २.३०

दार लावून एकविसावा प्रश्न वाचायला बसतो. वीस प्रश्नांना गुण द्यायचे असतात, एकविसाव्यात अध्यापन सुधारण्यासाठी तीन सूचना लिहायच्या असतात. दिवसातलं माझं खरं काम हे.

रकाना सक्तीचा केलाय, त्यामुळे बरेच जण फक्त टिंब टाकतात. ‘नो’, ‘ओके’, ‘सर्व छान आहे’, ‘थँक यू सर’. एकानं तीन ओळींत तीन टिंबं टाकलीत, सूचना तीन मागितल्या होत्या म्हणून. पण मध्येच असं काही येतं की पेन हातात घ्यावं लागतं.

‘इंग्लिशचा तास दिवाळीपर्यंत झालाच नाही.’ खरं आहे. सीएचबीची नेमणूक उशिरा झाली. याच मुलीनं ‘शिक्षक तयारी करून येतात’ याला चार दिलेत. प्रश्नावली समोर शिक्षक आहे असं धरूनच चालते, तास रिकामा गेला तर ते सांगायला तिच्यात जागा नाही.

‘लायब्ररी पाचला बंद होते. औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेला महिन्याला पैसे द्यावे लागतात.’ हे पाच-सहा जणांनी लिहिलंय. एमपीएससीची, पोलीस भरतीची तयारी करणारी ही मुलं. त्यांना कॉलेजकडून शिकवण्याइतकीच टेबल, दिवा आणि शांतता हवीय.

‘प्रॅक्टिकलला एका मायक्रोस्कोपवर सात जण.’

‘सर चांगले शिकवतात पण खूप फास्ट बोलतात. विचारायला भीती वाटते.’

‘दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या टॉयलेटला आतून कडी नाही. मैत्रिणीला बाहेर उभं करून जावं लागतं.’

या शेवटच्या ओळीपाशी मी थांबलो. आमच्या फायलीत सातव्या निकषाखाली लिंगसमभावाच्या कार्यक्रमांची जाडजूड नोंद आहे, व्याख्यानं, पोस्टर स्पर्धा, रॅली. फोटो जिओटॅगसह. कडीची नोंद कुठेच नाही.

दुपारी ४.००

प्राचार्यांची केबिन. पहिला प्रश्न अपेक्षितच. “मागच्या वर्षीपेक्षा वाढलंय का?”

“सरासरी साडेतीनच्या वर आहे, सर. पण तिला फारसा अर्थ नाही.”

त्यांनी चष्मा काढला. माणूस चांगला आहे, पण त्यांना वर उत्तर द्यायचं असतं, आणि वरच्यांना आकडा लागतो. मी त्यांना ब्रिटनचं सांगितलं. तिथे २००५ पासून शेवटच्या वर्षाच्या मुलांचं देशभर सर्वेक्षण होतं. पुढे ते फीवाढीच्या परवानगीशी जोडायचा घाट घातला गेला, तेव्हा २०१७ मध्ये विद्यार्थी संघटनांनी त्यावर बहिष्कार टाकला. २०२३ पासून इंग्लंडमधल्या संस्थांसाठी ‘एकूण समाधानी आहात का’ हा प्रश्नच काढून टाकलाय. एका आकड्यात सगळं कोंबण्याचा हट्ट त्यांनी सोडला. आपल्याकडच्या एनआयआरएफ क्रमवारीत तर, जिची पहिली यादी २०१६ ला आली, विद्यार्थ्याला विचारतच नाहीत. लोकमताचे गुण आहेत, पण ते मत शिक्षणक्षेत्रातल्या जाणकारांचं आणि नोकरी देणाऱ्यांचं.

“हे अहवालात लिहू नका,” प्राचार्य म्हणाले आणि हसले.

मग आम्ही कृती अहवालावर आलो. या कागदाची एक ठरलेली भाषा आहे. डावीकडे सूचना, उजवीकडे ‘सदर बाबीवर सकारात्मक विचार करण्यात येईल’. गेल्या काही वर्षांचे असले उजवे रकाने एकाखाली एक ठेवले तर फक्त तारखा बदललेल्या दिसतात. मी म्हटलं, या वेळी झालं तेवढंच लिहू. कडीला त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. कॉलेजच्या शिपाई मामांनी जुन्या स्टोअरमधून कडी शोधली, ड्रिल घेऊन वर गेले आणि वीस मिनिटांत बसवून आले. लायब्ररी आठपर्यंत उघडी ठेवायची तर माणूस हवा, आणि तिथलीही जागा रिकामी. कमवा व शिका योजनेतली दोन मुलं संध्याकाळी बसवता येतील का, हे बघायचं ठरलं. मायक्रोस्कोप पुढच्या बजेटात. इंग्रजीच्या जागेपुढे काय लिहायचं ते ठरलं नाही.

संध्याकाळी ५.३०

विद्यापीठात एक पत्र द्यायचं होतं म्हणून नागसेनवनावरून निघालो. मिलिंद महाविद्यालयाची मुलं सायकली, मोटारसायकली घेऊन बाहेर पडत होती. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली इथं कॉलेज काढलं तेव्हा मराठवाड्यातली बहुतेक मुलं पदवीसाठी हैदराबादची वाट धरत. विद्यापीठ आलं २३ ऑगस्ट १९५८ ला. १४ जानेवारी १९९४ ला बाबासाहेबांच्या नावानं त्याचा नामविस्तार झाला, त्यासाठी माणसांनी जीव दिले. त्याच वर्षी नांदेडचं विद्यापीठ वेगळं झालं आणि इथं संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव एवढे जिल्हे राहिले. नॅकही त्याच वर्षीची, हा निव्वळ योगायोग.

सरासरी साडेतीन का येते, याचं माझं उत्तर या रस्त्यावर आहे. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरात कॉलेज पाहिलेलं त्यांच्याआधी कुणी नाही. बाप ऊसतोडीला जातो, आई रोजंदारीवर. इथवर पोचणं हीच त्यांची मोठी मजल. तुलना करायला दुसरं कॉलेज त्यांनी पाहिलेलं नसतं, आणि मास्तराला कमी गुण देणं म्हणजे उपकार विसरणं, असं घरचं वळण. पुण्या-मुंबईच्या एखाद्या नामांकित कॉलेजातली मुलं एसी बंद पडला तरी दोन दाबत असतील. समाधान हे अपेक्षेवर ठरतं, आणि अपेक्षा जिथे कमी तिथे आकडा फुगतो. म्हणून या आकड्यावर दोन कॉलेजांची तुलना करणं मला अन्यायाचं वाटतं, फायदा आमचा होत असला तरी.

रात्री ९.००

जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला. सरासरीचा तक्ता नेहमीसारखाच केला, तो लागतोच. त्याखाली प्राचार्यांपुढे ठेवायला तीन बदल लिहिले. सर्वेक्षण ऑडिटच्या तोंडावर न घेता सत्राच्या मध्यावर घ्यायचं, म्हणजे जी मुलं तक्रार करतात त्यांनाच सुधारणा मिळेल. पहिल्या प्रश्नाआधी त्या पेपरचा अभ्यासक्रम वर्गात वाचून दाखवायचा. आणि एकविसाव्या प्रश्नाची उत्तरं, नावं गाळून, झालेल्या कामासह नोटीस बोर्डावर लावायची. संकेतस्थळावर ती कुणी बघत नाही, बोर्डाशी मुलं थांबतात. असाइनमेंटचे गठ्ठेही सोडवायचे. समितीला झेरॉक्स दाखवू, मूळ वही मुलाच्या हातात गेली पाहिजे.

शेजारच्यांची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, ती मोबाइल घेऊन आली. “काका, हा फीडबॅक फॉर्म भरला नाही तर हजेरी कापतात का?” कापत नाहीत, असं तिला सांगितलं. पण भर म्हटलं.

तुमच्या घरात कुणी कॉलेजात असेल तर त्यालाही एवढंच सांगा. फॉर्म मित्राच्या हातात देऊ नको, स्वतः भर. शेवटच्या रकान्यात टिंब टाकू नको. ‘सुविधा सुधारा’ असं लिहिलंस तर आम्ही समिती नेमतो. विषय लिही, वार लिही, मजला आणि खोली लिही. आणि महिन्याभरानं आयक्यूएसीच्या खोलीत येऊन त्याचं काय झालं ते विचार. विचारायला आजवर कुणीच आलेलं नाही.